तिशीआधीचा धोका, तिशीनंतरची तपासणी
खान्देशातील तरुण-तरुणींच्या हृदयाचा हिशेब वेगवेगळा मांडण्याची गरज

जळगाव/धुळे (प्रतिनिधी) : जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर पहाटे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावणारी विशीतील मुले. दुसरी, डॉक्टरांनी सांगितले म्हणून चालायला लागलेली पन्नाशीतील मंडळी. पहिल्यांना आपल्याला काही होणार नाही याची खात्री असते. दुसऱ्यांना जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. या दोन गटांच्या मधली तीस वर्षे मात्र त्या वाटेवर फारशी दिसत नाहीत आणि विशी-पंचविशीतील विवाहित स्त्री तर क्वचितच दिसते. ती त्या वेळी चुलीपाशी किंवा गॅसपाशी असते, पाण्याच्या नळावर असते किंवा शेताकडे निघालेली असते.

एखादा तरुण क्रिकेट खेळताना, नाचताना किंवा व्यायामशाळेत कोसळला की काही दिवस सगळीकडे चर्चा होते. भ्रमणध्वनीवरून चित्रफिती फिरतात आणि करोना प्रतिबंधक लसीवर दोष टाकून चर्चा संपते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच शंकेचा छडा लावण्यासाठी देशातील ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीमुळे असा मृत्यू येण्याचा धोका वाढत नाही, असे त्यात दिसून आले. घराण्यात कोणाला असा मृत्यू आलेला असणे, करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांतील अतिमद्यपान, अमली पदार्थांचे सेवन आणि शरीराला न पेलणारे श्रम, ही कारणे मात्र ठळकपणे पुढे आली. म्हणजे चर्चा ज्या गोष्टीची होते ती धोक्याची नव्हती आणि धोक्याच्या ज्या गोष्टी होत्या त्यांची चर्चा होत नाही.

कोसळणाऱ्या तरुणाची बातमी होते. त्याच वयाच्या तरुणीच्या शरीरात काय घडते आहे, याची बातमी होत नाही, कारण तिचे दुखणे त्या वयात कोसळून समोर येत नाही. एकाच घरातील भाऊ-बहीण डोळ्यांसमोर आणावेत. भाऊ चोवीस वर्षांचा, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा. बहीण बावीस वर्षांची, लग्न होऊन शिंदखेडा तालुक्यात गेलेली, कडेवर एक मूल असलेली. दोघे एकाच ताटात जेवून वाढले. तरी हृदयविकार आणि मधुमेह या दोघांच्या आयुष्यात एकाच वाटेने आणि एकाच वयात येणार नाहीत. आरोग्य यंत्रणा मात्र दोघांची वाट तिसाव्या वर्षी एकाच टेबलाशी बघते. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

सरासरीमागे दडलेले वय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) देशपातळीवरील आकडे वरवर पाहिले, तर स्त्री-पुरुषांत फारसे अंतर नाही असे वाटते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी १३.५ टक्क्यांची आणि पुरुषांपैकी १५.६ टक्क्यांची रक्तशर्करा वाढलेली होती किंवा त्यासाठी औषध चालू होते. रक्तदाबाच्या बाबतीत हेच प्रमाण स्त्रियांत २१.३ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के होते. दोन-तीन टक्क्यांच्या या फरकावरून कोणीही म्हणेल की धोका जवळजवळ सारखाच आहे.

परंतु ही सरासरी पंधरा वर्षांच्या मुलीपासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत सर्वांची आहे. तारुण्यात पुरुषांचा रक्तदाब स्त्रियांपेक्षा अधिक असतो. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचा रक्तदाब वेगाने वाढतो आणि उतारवयात त्या पुरुषांना गाठतात, कित्येकदा मागेही टाकतात. सरासरी काढताना एका बाजूचे लवकर आणि दुसऱ्या बाजूचे उशिरा एकमेकांत मिसळून जाते. ज्या फरकावर उपाय ठरवायचा, तोच फरक मग आकड्यांतून नाहीसा होतो.

हा वयाचा फरक केवढा असतो, याचा अंदाज दोन मोठ्या अभ्यासांवरून येतो. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो असे आढळले. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य अशा नऊ बाबींतून जगभरातील बहुतांश झटक्यांचा उलगडा होतो, हे याच अभ्यासाने दाखविले. त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांचे वेगळे विश्लेषण २००७ मध्ये आले. आपल्या भागातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत तो सुमारे ५९ व्या वर्षी येत होता. जगातील पुरुष स्त्रियांच्या आधी आजारी पडतात आणि आपण सारेच जगाच्या आधी आजारी पडतो, असा याचा अर्थ.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील ‘कार्डिया’. १९८५-८६ मध्ये चार शहरांतील १८ ते ३० वयाचे ५,११५ तरुण-तरुणी त्यात सहभागी झाले आणि तेव्हापासून त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले. अलीकडे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणानुसार हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे पाच टक्के प्रमाण पुरुषांनी स्त्रियांच्या सुमारे सात वर्षे आधी गाठले. महत्त्वाची बाब अशी की दोघांच्या वाटा पस्तिशीच्या सुमारास फुटू लागल्या. पस्तिशीत फुटणाऱ्या वाटेची तयारी त्याआधीच झालेली असणार, हे उघड आहे.

पुण्याजवळची सहा गावे

या तयारीचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेत शोधायला नको, तो महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदर स्त्रियांचा आहार, वजन, रक्त यांची नोंद झाली. मुले जन्मली तेव्हा त्यांची मापे घेण्यात आली आणि नंतर ती सहा, बारा व अठरा वर्षांची झाल्यावर त्यांची रक्तशर्करा तपासण्यात आली.

जन्मतःच एक विचित्र गोष्ट दिसली होती. ही बाळे युरोपातील बाळांपेक्षा पुष्कळच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, अवयव लहान होते, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखली गेलेली होती. दिसायला कृश, आतून चरबीदार, असे हे भारतीय बाळ होय. डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून हाच मुद्दा मोठ्या माणसांच्या बाबतीत मांडला होता. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन तंतोतंत सारखे, म्हणजे २२.३ निर्देशांकाचे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

त्या सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या सहाशेहून अधिक मुला-मुलींपैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती. असे असूनही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची रक्तशर्करा प्रमाणाबाहेर होती. त्यांपैकी जवळजवळ सर्वच मधुमेहपूर्व अवस्थेत होते, प्रत्यक्ष मधुमेह फक्त एकाला होता. पण शेतकरी कुटुंबातील, अठरा वर्षांचा, किडकिडीत मुलगा आणि त्याच्या रक्तात जास्तीची साखर, हे चित्र आपल्या मनातील मधुमेहाच्या चित्राशी जुळत नाही. मुलग्यांत हे प्रमाण मुलींच्या दुप्पट होते. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली होती, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा अधिक होती.

पुणे जिल्हा म्हणजे खान्देश नव्हे, हे मान्य. तथापि ती गावे पावसाच्या भरवशावर शेती करणारी होती. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या तालुक्यांतील कोरडवाहू गावांतील मुलगा त्या मुलांहून फार वेगळा असेल असे मानण्यास आधार नाही.

मुलगा : यंत्रणेला न दिसणारा

आता त्या भावाकडे वळू. त्याच्या पुढे काय वाढून ठेवले आहे? राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या याच फेरीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी ३३.८ टक्के तंबाखूचे सेवन करणारे आणि १३.९ टक्के मद्य घेणारे आढळले. स्त्रियांत ही प्रमाणे अनुक्रमे १०.९ आणि ०.४ टक्के होती. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीने पुडीवरचे नाव बदलते, हाताला लागलेली सवय सहसा बदलत नाही. तंबाखू म्हणजे तोंडाचा कर्करोग, एवढेच समीकरण आपल्याकडे लोकांना ठाऊक आहे. चघळण्याच्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, हे ‘इंटरहार्ट’च्या २००६ मधील विश्लेषणाने सांगितले आहे. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनाही हा इशारा लागू पडतो.

कामाचे स्वरूपही बदलले आहे. बाप केळीच्या बागेत घड वाहत होता किंवा कपाशीत निंदणी करीत होता. मुलगा यंत्रापुढे उभा असतो, मालमोटारीच्या चाकामागे बसतो किंवा कामासाठी सुरत, पुणे, नाशिक गाठतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. या रस्त्यांवरच्या ढाब्यांवर तर्रीदार शेवभाजी आहे, बारा तास जागे ठेवणारा गोड चहा आहे, तंबाखूची पुडी आहे. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत आणि श्रम यांचे जे जुने गणित होते, त्यातले श्रम गेले आणि भाकरीच्या जागी मैदा आला. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील पाहणीतून २०१४ मध्ये असे दिसून आले होते की निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत आणि फुरसतीत व्यायाम करणारे दहा टक्केही नाहीत.

भरतीसाठी धावणाऱ्या मुलाची उंची मोजतात, छाती मोजतात, धावण्याची वेळ मोजतात. या मोजमापातून निवड होते, नाही तर मुलगा घरी परततो आणि त्या दिवसापासून धावणे थांबते. साखर किंवा चरबी तपासण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात त्यानंतर अनेक वर्षे येत नाही. तो आजारी पडला तर गावातल्या डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतो आणि कामावर जातो. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे त्याची तक्रारही कोणी करीत नाही.

मुलगी : प्रसूतीच्या कागदातला इशारा

बहिणीची गोष्ट वेगळी. निसर्गाने तिला काही वर्षांची सवलत दिलेली आहे. पाळीच्या वयात शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात संरक्षण देते. पण ही सवलत बिनशर्त नाही, हे कोणी तिला सांगत नाही.

पहिली अट मधुमेहाची. जगभरातील अनेक अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणानुसार मधुमेहामुळे पुरुषाचा हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो, तर स्त्रीचा जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे मधुमेह झाला की स्त्री असण्याचा बराचसा लाभ संपला. दुसरी अट अंडाशयांची. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. ऊसतोडीला खान्देशातूनही कुटुंबे जातात. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली, तर ऐन तिशीत ती सवलत एका दिवसात रद्द होते. पाठदुखी आणि पांढरे जाणे यांवर हा उपाय करून घेताना हृदयाचा विचार कोणी केलेला असतो काय?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्त्रीचे गरोदरपण ही तिच्या हृदयाची निसर्गानेच घेतलेली परीक्षा असते. नऊ महिने शरीरावर अधिक भार पडतो आणि आतला कच्चा दुवा काही काळ उघडा होतो. गरोदरपणात साखर वाढली आणि बाळंतपणानंतर ती उतरली, तरी अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सातपट असतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच या दोन्ही बाबींना स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्याच्या यादीत स्थान दिले. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील लव, वाढते वजन या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणीच्या अंडाशयांतील गाठींचा संबंधही इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराशी असतो. आपल्याकडे मात्र त्या तक्रारीची चर्चा लग्न आणि मूल यांपुरतीच होते.

म्हणजे पुरुषाला जी पूर्वसूचना मिळत नाही, ती स्त्रीला विशीतच मिळते. दुर्दैव असे की बाळंतपण पार पडले की ही सूचना प्रसूतीच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत जाते. बाळ सुखरूप, बाळंतीण सुखरूप, विषय संपला. मोफत साखर तपासणी दोन तासांत करता येते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजायची आणि ती १४० किंवा अधिक असेल तर गरोदरपणातील मधुमेह समजायचा, अशी केंद्राची पद्धत आहे. अशा मातेची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, असेही मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. पण त्या सहाव्या आठवड्यात ती माहेरी असते, बाळ लहान असते आणि तिला स्वतःला कोणताही त्रास नसतो. मग तपासणीला कोण जाणार?

यात रक्तक्षयाची भर पडते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, पुरुषांत २१.९ टक्के. दम लागतो, थकवा येतो, छातीत धडधडते, ही रक्तक्षयाची लक्षणे आहेत आणि स्त्रियांच्या हृदयविकाराचीही. छातीतील दुखणे हे दोघांतही मुख्य लक्षण असले, तरी स्त्रियांत दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे यांचे प्रमाण अधिक असते. ‘रक्त कमी आहे’ या एका वाक्यात तिचे सारे दुखणे बसविले जाते आणि घरात कोणी त्यापुढे विचारीत नाही.

रक्तक्षयाचा आणखी एक तांत्रिक परिणाम आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी हल्ली सर्रास केली जाते, ती लोहाच्या कमतरतेत प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवू शकते. उलट सिकलसेल असलेल्या व्यक्तीत ती विश्वासार्ह राहत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी पट्ट्यात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. तसेच केवळ उपाशीपोटीची साखर पाहिली तर पुरुषांतील बिघाड अधिक सापडतो. स्त्रियांत तो अनेकदा ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी दिसतो. तपासणी एकच ठेवली, तरी तिचे माप दोघांना सारखे लागू होत नाही.

अठरा ते तीस : बारा वर्षांची पोकळी

शासनाचे कार्यक्रम कमी नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासावी, आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन जोखमीचा तक्ता भरावा, अशी योजना आहे. पण अठराव्या वर्षी एक कार्यक्रम संपतो आणि तिसाव्या वर्षी दुसरा सुरू होतो. मधल्या बारा वर्षांत मुलीची गाठ निदान प्रसूतीच्या निमित्ताने यंत्रणेशी पडते. दर महिन्याच्या नऊ तारखेला २०१६ पासून गरोदर मातांची विशेष तपासणीही होते. मुलाची गाठ कोणाशीच पडत नाही.

ही पोकळी राज्य शासनाच्या ध्यानात आलेली नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ या अभियानातून अठरा वर्षांवरील स्त्रियांची, तर १७ सप्टेंबर २०२३ पासून ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ या अभियानातून अठरा वर्षांवरील पुरुषांची तपासणी हाती घेण्यात आली. स्त्री आणि पुरुष यांचा स्वतंत्र विचार करणारी ही पावले योग्यच होती. अडचण अशी की अभियानाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. चोवीस वर्षांच्या मुलाला साखर अधिक आहे हे शिबिरात कळले, तरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याला कोण बोलावणार, याचे उत्तर शिबिरात नसते.

खर्चाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च भागविला जातो आणि अनेक गरीब कुटुंबांना तिचा आधार मिळाला आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचाराची सोय वाढली याचा आनंद आहे. परंतु रक्तवाहिनी तुंबल्यावर ती उघडण्यासाठी शासन जो पैसा मोजते, त्याच्या अगदी अल्पांशात एका तरुणाची साखर अनेक वर्षे तपासता येईल. शस्त्रक्रियेच्या खर्चाला योजनेत शीर्षक आहे, पंचविशीतल्या तपासणीला नाही.

काय करता येईल

यासाठी नवी इमारत किंवा नवे खाते नको. तरुण जेथे आधीच जातात तेथे यंत्रणेने जाणे एवढेच पुरेसे आहे. महाविद्यालये, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न संस्था यांत प्रवेशाच्या वेळी रक्तदाब आणि कंबरेचा घेर मोजणे अवघड नाही. भारतीयांसाठी पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर मानली जाते. त्यासाठी लागते ती शिंप्याची फीत. औद्योगिक वसाहती, यंत्रमाग, बाजार समित्या आणि मालवाहतुकीचे अड्डे येथे वर्षातून एक ठराविक दिवस लावता येईल. भरतीला आलेल्या, पण निवड न झालेल्या मुलांच्या हाती निदान त्यांच्या रक्तदाबाचा आकडा देऊन त्यांना परत पाठविता येईल.

मुलींच्या बाबतीत उपाय आणखी सोपा आहे. आई स्वतःसाठी रुग्णालयात जात नाही, पण बाळाच्या लसीसाठी हमखास जाते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन उपकेंद्रात येते. गरोदरपणात ज्यांची साखर किंवा रक्तदाब वाढला होता, त्या मातांची तपासणी त्याच दिवशी, त्याच बाकावर व्हावी. ‘या मातेची दरवर्षी तपासणी करावी’ हे एक वाक्य माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत लिहिले, तर पेटीत गेलेला कागदही पुन्हा बोलू लागेल. तिचे माहेर पारोळ्यात आणि सासर शिंदखेड्यात असले, तरी कार्ड तिच्यासोबत जाते.

घरानेही काही करावयाचे आहे. घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. तिला अर्धा तास मोकळे चालायला मिळावे, यासाठी तो अर्धा तास दुसऱ्या कोणी तरी चूल सांभाळली पाहिजे. आणि मुलगा बारीक आहे म्हणून त्याला काही होणार नाही, ही समजूत सोडली पाहिजे.

दोन नव्हे, एकच गोष्ट

येथवर भावाचा आणि बहिणीचा हिशेब वेगळा मांडला. पण तो पूर्णपणे वेगळा नाही, हेच पुण्याजवळच्या त्या सहा गावांचे खरे सांगणे आहे. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते, त्यांची बाळे अधिक चांगली भरलेली होती. ज्या मातांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे कार्य मंदावल्याची चिन्हे होती. अठराव्या वर्षी ज्या मुलांची साखर वाढली, त्यांची वाढ आईच्या पोटातच खुंटलेली होती. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये कमी वजनाचे बाळ आणि पुढचा हृदयविकार यांचा जो संबंध दाखविला होता, तो महाराष्ट्राच्या खेड्यांत असा प्रत्यक्ष दिसला.

आता धुळे जिल्ह्याचा एक आकडा या शेजारी ठेवावा. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, तर धुळे जिल्ह्यात सुमारे ४० टक्के होते. ज्या मुलीची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नाही, जिच्या अंगात रक्त नाही, जी सर्वांच्या शेवटी जेवते, तिच्या पोटी हलके बाळ जन्माला येते. ते मुलगा असेल तर घरात पेढे वाटले जातात. त्याच मुलाच्या रक्तात अठराव्या वर्षी साखर वाढते आणि चाळिशीच्या आसपास तो कोसळला की सारे गाव म्हणते, ‘धडधाकट होता, अचानक गेला.’

त्यात अचानक काहीच नसते. त्या मृत्यूची पहिली नोंद त्याच्या जन्माआधी त्याच्या आईच्या ताटात झालेली असते, दुसरी तिच्या प्रसूतीच्या कागदावर आणि तिसरी त्याच्या स्वतःच्या न तपासलेल्या पंचविशीत. मुलीच्या लग्नाचे वय, तिच्या ताटातली पालेभाजी आणि तिच्या कार्डावरचे एक वाक्य, या गोष्टी आजवर स्त्रियांचे प्रश्न म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. खान्देशातल्या तरुण मुलांचे हृदय वाचवायचे असेल, तर कामाची सुरुवात तेथूनच करावी लागेल.